ऊन अजून गुडघ्यावरच आहे

आदरणीय अध्यक्ष मिर्झोशो अका, जिल्ह्याच्या ठिकाणाहून एवढा घाट चढून आलेले सन्माननीय पाहुणे, मानाचा झगा, चापान, पांघरून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे मामंजी नाझारदोद उस्ताद, आणि नेवदऱ्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही आळ्यांतील बंधुभगिनींनो,

सुनेने सासऱ्याचा गौरव करायचा म्हणजे तारेवरची कसरत. कमी बोलले तर सासूबाई रुसणार, जास्त बोलले तर तुम्ही म्हणणार, हिला नक्की काहीतरी हवंय. हसू नका मिर्झोशो अका, तुमच्याही घरात तीन सुना आहेत. पण मी सारखी नदीकडे बघतेय ते सभेला घाबरून नव्हे, हे आधीच सांगते.

मामंजींनी उभा जन्म या गावाचं ऊन मोजलं. छताच्या झरोक्यातून उतरलेला कवडसा खांबावरच्या कोणत्या खुणेवर पडला ते बघायचं, खुणांना नावं माणसाच्या अंगाची, आणि गावाला सांगायचं, आज ऊन माणसाच्या टाचेत शिरलं, आता घोट्याला आलं, आता गुडघ्याला. घोट्यावर नांगर, मांडीवर पेरणी. आणि ऊन काळजाला भिडलं की डोंगरावरचा बर्फ सुटतो, तेव्हा खालच्या आळीने गुरंढोरं घेऊन वरच्या कुरणावर जायचं. तेही मामंजींनी आपली किटली उचलून उंबरा ओलांडल्यावर. त्याआधी कुणी हलायचं नाही, ही आपली रीत. माझा थोरला पाळण्यात होता त्या वर्षी मी तंदूर पेटवून बसले होते. मामंजी दारात आले, म्हणाले, "सूनबाई, रोट्या राहू दे, पोर उचल." संध्याकाळी नदी आमच्या गोठ्यातून वाहत गेली. हा उपकार मी कोणत्या शब्दांत फेडू?

आता यंदाचं बघा. एरवी चिल्ल्याच्या, म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या चाळीस दिवसांच्या थंडीत दाराच्या कडीला ओला हात लावला तर कातडं चिकटायचं. यंदा हौदावर नुसती साय धरली. जर्दाळू भलत्याच वेळी फुलला आणि मग एका गारठ्यात सगळा मोहोर काळा पडला. त्या दिवसापासून मामंजी अर्ध्या जेवणावरून उठू लागले. आज ते या कामातून निवृत्त होताहेत, त्याचं कारण डोळे अधू झाले असं पत्रिकेत छापलंय, ते आपलं लोकांना सांगायला. मला ते म्हणाले, "कवडसा जागच्या जागी आहे गं. मग झाड का चुकलं?" मला तेव्हाच धडकी भरली. आपल्या गावात ज्याला सगळं विचारायचं, तोच मला विचारत होता.

ऊन आज गुडघ्यावर आहे. हिशोबाने बर्फ सुटायला अवकाश आहे. पण वारा रात्रीसुद्धा कोमट येतोय, आणि एरवी पहाटे नितळ असणारी नदी हल्ली पहाटेही गढूळ असते. आणि आज? आज मी पुलावरून आले तर पाणी उतरलेलं. बायका म्हणाल्या, "बरं झालं बाई, पात्रातली लाकडं तरी गोळा करता येतील." लाकडं! एवढी उष्णता, आणि पाणी उतरतं? मग ते गेलं कुठे? वर कुठेतरी अडून बसलंय, आणि ते कायमचं अडून बसणार नाही.

मगाशी मामंजींच्या खांद्यावर चापान घालताना मी हे त्यांच्या कानात सांगितलं. म्हणाले, "गुडघ्यावर बर्फ सुटत नाही. जन्मभर जे सांगितलं ते सत्काराच्याच दिवशी खोटं पाडू?"

मला इथे उभं केलंय ते तुम्हाला पुलावाचं आमंत्रण द्यायला. कढई आमच्या अंगणात चढली आहे, नदीकाठी. तिच्याभोवती माझी दोन पोरं बसलीत, आणि तुमचीही. माझी पोरं उचलून मी केव्हाच पळाले असते. पण बाकीची कोण उचलणार? माझ्या सांगण्यावरून तुम्ही हलणार आहात का? खरं सांगा. नाही ना?

मामंजी, तुमचा हिशोब खोटा नाही. ऊन आपल्या वाटेनेच चाललंय, बर्फानेच वाट सोडली. मी भ्यायले आहे हो. तुम्हीही भ्यायला आहात, काल रात्रभर तुम्ही नदीकडे कान लावून बसला होतात, मी पाहिलंय. तुम्ही उठला नाहीत तर कुणी उठणार नाही.

काय म्हणालात? थांबा, मागच्यांना ऐकू आलं नाही. बसा रे, बोलू द्या त्यांना.

ऐकलंत सगळ्यांनी? "पुलाव राहू द्या, पोरं उचला."

ते बघा, चापान खुर्चीवर ठेवून ते चाललेसुद्धा. मिर्झोशो अका, त्यांना हात द्या. तरण्यांनो, तुम्ही आधी खाली धावा, पात्रातल्यांना बाहेर काढा, कढईजवळ कुणी रेंगाळू नका. पाहुणे, तुमची गाडी वरच्या रस्त्याला घ्या आणि म्हाताऱ्यांना बसवा. आपण सगळे आलात, शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे. भरसभेत सासऱ्यांना उलट बोलले, ती चूक पदरात घ्या, पण आत्ता नको, वर कुरणावर सगळी पोरं मोजून झाल्यावर.

आणि टाळ्या वाजवू नका. नदी ऐकू यायला हवी.