पट्टा काढणाऱ्याला काय मिळालं?

...आणि वर म्हणतात, बाबा, हे तुमच्या सेफ्टीसाठी! अहो कसली सेफ्टी, तुम्हाला सांगतो, हे मनगटावरचं घड्याळ वेळ कमी सांगतं आणि माझ्या चुगल्या जास्त करतं. तळ्याकाठी बाकावर जरा डोळा लागला की मुलाचा, अमेयचा, ऑफिसातून फोन, 'बाबा, हलत का नाही? ऑल ओके?' आता डुलकी काय हलत हलत घ्यायची?

त्यात ते ऑस्ट्रेलियाचं वाचलं. तिथल्या संशोधकांनी मॅगपाय नावाच्या पक्ष्यांच्या पाठीवर ट्रॅकर बांधले, पट्ट्याने, का तर म्हणे हे जातात कुठे ते कळावं... आमच्या अमेयसारखेच! तर काय झालं, एकाचा पट्टा दुसऱ्याने चोचीने टोचून टोचून सोडवला, मग तिसऱ्याचा सुटला, बघता बघता सगळे मोकळे. प्रयोग गेला पाण्यात आणि संशोधकांना पडलं कोडं, की ज्याचा सुटला त्याचं ठीक आहे, पण काढणाऱ्याला काय मिळालं?

हे मी सुमंतरावांना वाचून दाखवलं. सुमंतराव म्हणजे मागच्या गल्लीतल्या चैत्रालीचे वडील, अमेरिकेतल्या या अख्ख्या फ्रिस्कोत माझा एकच मित्र. त्यांच्याही हातात हेच घड्याळ. माझी बोटं आखडलेली, त्यांची थरथरणारी, म्हणजे स्वतःचं स्वतःला सुटत नाही! आणि जावयाची बदली झालेली, दुसऱ्या दिवशी सगळं बिऱ्हाड दूर दुसऱ्या राज्यात, कॅरी गावाला चाललेलं. मला म्हणाले, "एकनाथराव, जायच्या आधी एकदा कुणाला न कळता जिलबी खाऊ." दोघांनाही शुगर, बरं का.

गेलो की मंदिराशेजारच्या दुकानात! जिलबी समोर ठेवली आणि त्यांचं घड्याळ मी दातांनी सोडवलं... हसताय काय, चोच कुठून आणू? मग ते लागले माझ्या घड्याळाला, त्यांचं बोट थरथरलं, बाजूचं इमर्जन्सीचं बटण दाबलं गेलं ते दाबूनच राहिलं, आणि अहो, जिलबीचा पहिला तुकडा तोंडाशी नेतोय तोवर बाहेर सायरन! दोन धिप्पाड माणसं स्ट्रेचर घेऊन आत, 'सर, व्हेअर डज इट हर्ट?' आता कुठे दुखतंय ते इंग्रजीत कसं सांगू?

मागोमाग अमेय आला, चैत्राली आली. 'बाबा, तुम्ही काय लहान आहात?' म्हणत तिने त्यांना गाडीत बसवलंसुद्धा. निरोपाचं थोडं बोलायचं होतं हो मला, मनात जुळवून आलो होतो. राहिलंच ते. सुमंतराव काचेआडून ते मोकळं मनगट हलवत गेले. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? काढणाऱ्याला काय मिळालं, तर हे!

मला करमेना, तेव्हा सुनेने, गिरिजाने, चैत्रालीला विचारून माझ्या फोनवर घड्याळांना जोडलेलं कसलंसं ॲप टाकलं. सुमंतरावांच्या मनगटावर घड्याळ पुन्हा चढलेलंच, आता सकाळी उठलो की मी त्याचा कॅरीतला निळा ठिपका बघतो. ठिपका फिरायला निघाला की बरं वाटतं. त्यांच्या फोनवर माझ्या घड्याळाचा ठिपका. म्हणजे ज्यांचं घड्याळ दातांनी काढलं, त्यांच्यावर आता मीच पाळत ठेवतो!

परवा माझ्या घड्याळाचं चार्जिंग संपलं. म्हटलं, वा, सुटलो, आता कुणाला पत्ता नाही! आणि फोन वाजला. अमेयचा नाही हो, कॅरीहून.

"एकनाथराव, घड्याळ चार्जिंगला लावा. तुम्ही दिसत नाही."

लावलं. काय करता?