डाव थांबवायचा नियम

गिरण्यांच्या संपात काय काम होतं रे आम्हाला? डिलाईल रोडच्या चाळीत दिवसभर कॅरम. नियम आम्हीच करायचो, हात वर करून. पण आधी शेजारचे तात्या तपासायचे. मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे, इथे नियमांत खोट काढायचे.

एकदा हरणारा मधेच उठून गेला, तेव्हा गण्या वैतागून म्हणाला, "नवा नियम. सगळे हो म्हणेपर्यंत डाव थांबवायचा नाही."

तात्यांनी मान हलवली. "नेहमीचीच चूक. एक जण जरी अडून बसला तर? सुरू कसं करायचं ते सगळे ठरवतात, थांबायचं कसं ते कोणी ठरवत नाही."

गण्याने स्ट्रायकर खाली ठेवला. "मग तात्या, संप ठरला तेव्हा हे का नाही तपासलंत?"

तात्यांनी स्ट्रायकर उचलून परत त्याच्या हातात दिला.

"तेव्हा माझाही हात वरच होता रे. खेळ, तुझी पाळी आहे."