नऊ माणसं, एक बाळंतीण आणि जावई

आणि मला म्हणतात, अनुभव कमी पडतोय! मला! दोन हजार अठरा साल, मे महिना, बाहेर अंगाची लाही होतेय, आणि त्या गारेगार खोलीत तो चष्मेवाला साहेब माझा बायोडेटा दोन बोटांत धरून म्हणतो, ‘आजोबा, यात काहीच नाही हो...’ एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात मी, तुम्हाला सांगतो, नुसता दाराला कान लावून बिघाड सांगतो. पण बायोडेटा लिहिला कोणी? जावयांनी. आणि जावई आहेत, बोलायचं कसं?

मी म्हटलं होतं, लिहा, ‘लिफ्ट दुरुस्त केल्या.’ संपलं. तर जावई म्हणाले, ‘छे छे, मामा! असं कोण लिहितं? प्रसंग सांगा, माणसं किती वाचवलीत ते सांगा!’ मी कशाला सांगतोय... पण मुलगी म्हणाली, ‘बाबा, सांगा ना,’ आणि सुटलं माझं तोंड. एकोणनव्वद साली इस्पितळाची लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे अडकली, आत नऊ माणसं, त्यात एक अडलेली बाळंतीण, मी गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत चढलो, हाताने चाक फिरवत फिरवत लिफ्ट खाली आणली... जावई भराभर लिहून घेतायत. मला वाटलं, काय हा आदर!

जावईही लिफ्टचंच काम करतात बरं का. चार वर्षं झाली. त्यातली तीन माझ्यामागे बॅटरी धरून.

तर साहेब म्हणाला, ‘बायोडेटा कसा असतो ते ऐका. कालच या माणसाला घेतलं आम्ही.’ आणि वाचायला लागला... इस्पितळ! नऊ माणसं! बाळंतीण! चाक! वर नाव जावयांचं! साल तेवढं गाळलेलं. लिहितील कसं, त्या साली सात वर्षांचे होते! आणि साहेब गहिवरून म्हणतो, ‘नम्रता बघा, बॅटरी धरणाऱ्या म्हाताऱ्या मदतनिसाचेही आभार मानलेत!’

एक शब्द बोललो असतो तर जावयांची नोकरी गेली असती. पण संसार कोणाचा? मुलीचा! साहेबाने विचारलं, ‘ओळखता यांना?’ म्हटलं, ‘ओळखतो. हुशार आहेत.’ जावई आहेत, बोलायचं कसं?

आज रुजू झाले. अकराला फोन. ‘मामा, लिफ्ट अडकलीय.’

म्हटलं, ‘मग काढा की, अनुभव आहे ना?’

‘मामा... मी आत आहे.’

जावई आहेत. चाललोय काढायला.