तळहात बघितले की जाग येते

तुम्हाला हसू येईल, पण 'हे स्वप्न आहे' हे स्वप्नातच कळावं म्हणून आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरात मध्यंतरी चढाओढ लागली होती. कारण निखिलचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे बाबा. ते गेल्यापासून त्याच्या स्वप्नात यायचे आणि हा त्यांच्याशी गिझरच्या दुरुस्तीबद्दल बोलत बसायचा. ते आता नाहीत, हे सकाळी आठवायचं.

माझी पद्धत सोपी होती. झोपताना मनात घोकायचं, 'स्वप्न पडलं की मी ओळखणार.' निखिल म्हणाला, "यार, घोकंपट्टी मला शाळेतही जमली नाही." तो दिवसभर, मेट्रोत, मीटिंगमध्ये, तळहात बघून स्वतःला विचारायचा, 'मी जागा आहे ना?' ही सवय मुरली की माणूस स्वप्नातही हात बघतो म्हणे, ते तिथे भलतेच दिसतात, आणि तो ओळखतो.

एका सकाळी तो हिरमुसून बसला होता. "बाबा आले होते. मी हातही बघितले."

"मग?"

"तोंडातून सकाळचा श्लोक सुरू झाला आणि जाग आली."

तळहात बघून श्लोक म्हणायचा आणि मगच उठायचं, ही सवय त्याला लहानपणी बाबांनीच लावलेली.

नंतर एकदा बाबा माझ्या स्वप्नात आले. मी लगेच ओळखलं. म्हटलं, "बाबा, निखिल इथेच झोपलाय. उठवू?"

"नको गं," ते म्हणाले. "लहानपणी फार लवकर उठवलं त्याला. झोपू दे."

तेव्हापासून निखिल रविवारी दहापर्यंत झोपतो. मी उठवत नाही. सासऱ्यांचा शब्द आहे.