तक्रार खरी निघाली

गुजरातेतल्या लिंबायतच्या वैशालीचं तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? नर्सिंग शाळांच्या मान्यतेबद्दलच्या तक्रारी तेव्हा माझ्याकडे यायच्या. तिनं गुजरातीत लिहिलं होतं, "दोन वर्षं झाली, शाळेनं आम्हाला एकदाही हॉस्पिटलात नेलेलं नाही."

चौकशीला गेलो, तर एका खोलीत चार पलंग आणि त्यांवर प्लास्टिकचे पुतळे. माझं मराठी आडनाव ऐकताच वैशाली मराठीवर आली. "साहेब, खऱ्या माणसाची नाडी हाताला कशी लागते, तेवढं एकदा बघायचंय हो."

मी अहवाल कडक लिहिला. शाळेची मान्यता रद्द झाली. तिला मीच फोन करून सांगितलं.

"म्हणजे आपण जिंकलो ना, साहेब?"

"हो."

"मग मला वॉर्डात कधी पाठवणार?"

 फोन ठेवून मी तीन शाळांना पत्रं लिहिली, हिला तिसऱ्या वर्षाला घ्या म्हणून. तिन्ही शाळांचं उत्तर एकच आलं, मान्यता गेलेल्या शाळेची वर्षं धरता येत नाहीत, पहिल्या वर्षापासून यावं लागेल. तिच्या घरचे म्हणाले, गेली तेवढी वर्षं पुरे.

आता ती पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालते. दर दिवाळीला तिचा फोन येतो. शुभेच्छा देते आणि हळूच विचारते, "साहेब, थेट तिसऱ्या वर्षाला घेणारी एखादी शाळा मिळाली का?"