शेवटचं गाढव

(सुट्टीचा दिवस, दुपार. सासरे आपल्या घरी, सून तिच्या घरी. दोघंही फोनवर लिहून बोलतायत.)

सून : पुरे आता. गॉगल घातलेलं गाढव, बादलीत बसलेलं मांजर, घसरून पडणारा पेंग्विन आणि वर हा उंट. एरवी तुम्ही सकाळी एकच पाठवता.

सासरे : उंट नीट बघितलास का? खाली लिहिलंय, 'सुट्टी संपली हे याला कोणी सांगायचं?'

सून : बघितला. हसलेसुद्धा. आता सांगा, झालंय काय?

सासरे : काही नाही. सुट्टीत वेळ जात नाही. बरं, तू मागे विचारलं होतंस ना, फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का? फोन आत ठेवून शूटिंग केलं. विझतो.

सून : फोन फ्रीजमध्ये ठेवलात?

सासरे : टोमॅटोला टेकवून. आणि शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का असते, सांग. चष्म्याच्या दुकानात बसतेस, तुला माहीत असायला हवं.

सून : आमच्याकडे शेळ्या येत नाहीत डोळे तपासायला.

सासरे : चरताना दोन्ही बाजूंचं दिसावं म्हणून. लांडगा कुठूनही येवो.

सून : छान. पण विषय बदलू नका. मघापासून 'लिहीत आहे' असं दिसतं, मग जातं, परत दिसतं. एवढा वेळ लिहून शेवटी येतो काय, तर उंट.

सासरे : बोटं जाड आहेत माझी. जन्मभर लिफ्टच्या तारा ओढल्यात त्यांनी.

सून : काका, तब्येत बरी आहे ना?

सासरे : काका कोण?

सासरे : अगं, तुला विचारतोय. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून बाबा म्हणतेस. हा काका कुठून आला?

सून : गेल्या महिन्यात कोर्टाचा निकाल लागला. तुमचा मुलगा आणि मी आता एकमेकांचे कोणी नाही. मग तुम्हाला बाबा म्हणायचा हक्क उरला की नाही, तेच कळेना. दोनदा बाबा लिहून खोडलं.

सासरे : घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतलात. मला कोणी विचारलं होतं? मी कुठे सही केली?

सून : बरं. बाबा.

सासरे : हं.

सून : आता तुम्ही बोला. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

सासरे : तुझ्या सासूबाई आणि तो समुद्रावर गेलेत. जोडून सुट्ट्या आल्यात ना. आपण चौघं जायचो तेच ठिकाण, तेच लॉज. मी गुडघ्याचं निमित्त काढलं.

सून : दुखतोय का गुडघा?

सासरे : तेवढा नाही. तिथे जाऊन तुझी रिकामी खुर्ची बघायची नव्हती.

सून : मग?

सासरे : निघताना चिरंजीव म्हणाले, बाबा, हे चित्रं पाठवणं आता थांबवा. ती भिडस्त आहे, तोंडाने नको म्हणणार नाही. तिला मोकळं होऊ द्या. एक शेवटचं पाठवा आणि तिचा नंबर काढून टाका. मी हो म्हणून बसलो.

सून : आणि म्हणून चार पाठवलीत?

सासरे : शेवटचं कोणतं, तेच ठरेना. आधी गाढव पाठवलं. मग वाटलं, इतक्या वर्षांची माया आणि शेवट गाढवाने? म्हणून मांजर. तर ते बसलंय बादलीत. पेंग्विन पडतो, ते बरं दिसत नाही. उंट जरा शोभला असता, पण तू लिहिलंस की हसले. मग वाटलं, अजून एक पाठवावं. सकाळपासून घरभर येरझारा घालतोय, फोन हातात घेऊन.

सून : तुम्ही पण ना.

सासरे : खरं सांग मला. त्रास होतो का तुला? बिघाड कुठे आहे ते सांगितलंच नाही, तर लिफ्टवाला दुरुस्त काय करणार?

सून : होतो कधी कधी. तुमचं नाव दिसलं की तो आठवतो, ते घर आठवतं.

सासरे : बरं. कळलं.

सून : थांबा, अर्ध्यावरून पळू नका. मग मी चित्र उघडते आणि हसते. दुकानात जायच्या आधी मला हसवणारं दुसरं कोणी नाही आता. मध्ये काही दिवस तुमचं काही आलं नाही, तर मी एका गृहस्थांना दुसऱ्याचाच चष्मा दिला.

सासरे : आले का परत?

सून : नाही. घालून निघून गेले. जग जास्त चांगलं दिसत असेल.

सासरे : आणि तुझी आई काय म्हणते?

सून : म्हणते, नातं तुटलं, मग ही गाढवं कसली येतात अजून? मी म्हटलं, नवऱ्याशी तुटलं, गाढवांशी नाही.

सासरे : म्हणजे मी गाढव.

सून : ते तुम्ही म्हणालात.

सासरे : चेष्टा राहू दे. शब्द दिलाय मी त्याला. आणि तो तुझं वाईट चिंतत नाही गं, तुझ्या भल्याचंच बोलला.

सून : माहीत आहे. माझं भलं कशात आहे ते तो मला न विचारताच ठरवतो. त्यावरूनच तर सगळं झालं.

सासरे : हं. ते आमच्या घराण्यातच आहे. आज मीही तेच करायला निघालो होतो.

सून : पण तुम्ही विचारलंत. नेमका शब्द काय दिलाय?

सासरे : एक शेवटचं पाठवायचं आणि नंबर काढायचा.

सून : मग काढा. मी कोणाला शब्द दिलेला नाही. उद्यापासून मी पाठवीन.

सासरे : ही पळवाट झाली.

सून : झाली. म्हणून तो परत आला की मी स्वतः त्याला फोन करून सांगणार आहे. चोरून काही नको.

सासरे : बोलशील तू त्याच्याशी?

सून : एवढ्यापुरतं बोलेन. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला हे तुटायला नको आहे.

सासरे : थांब जरा.

सासरे : काढला. वर तुझं नाव होतं, तिथे नुसते आकडे आलेत. बरं नाही वाटत.

सून : नाहीच वाटणार. जेवलात का?

सासरे : अनोळखी माणसाने असं विचारू नये.

सून : बाबा, दुपार कलली.

सासरे : तुझ्या सासूबाईंनी सगळं करून ठेवलंय. एकट्याने वाढून घ्यायचा कंटाळा येतो गं. तू जाऊ नकोस, मी ताट घेऊन येतो.