नव्या कार्डाला दृष्ट

पाथर्डीच्या स्टँडवर नगरची गाडी लागलेली. मोनिका लेकराला मांडीवर निजवून बसली होती. पुढच्या बाकावर सासू-सून आणि दोघींच्या मधोमध, पाहुण्यासारखा, कॉम्प्युटरचा सीपीयू.

"स्नेहल, कालच नवं कार्ड बसवलंस ना गं यात?"

"बसवलं आत्या. व्हिडिओचं कार्ड आहे, त्याचं सॉफ्टवेअरपण अपडेट केलं, दोनदा. तरी व्हिडिओ लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी."

"मंग ती लग्नाची फिल्म?"

"उद्या द्यायचीय. पहिलंच काम माझं. नाही दिली तर पुन्हा कोण बोलावणार? कार्ड तापतंय बहुतेक. पंखा फिरत नसेल. नगरच्या दुकानात दाखवू."

"कंचा पंखा?"

"कार्डावरचा, छोटा."

"त्यो व्हय? त्याला मी काळा दोरा बांधलाय."

"आत्या!"

"तू झाकन लावायच्या आधी. शेजारनी सगळ्या डोळे फाडून बघून गेल्त्या. लेकराच्या पायात न्हाई का बांधत? ह्ये बघ, ह्या ताईच्या बाळाला हाय."

"बाळाला पंखा नसतो, आत्या!"

मोनिकाने हसू दाबत बाळाचा पाय ओढणीखाली घेतला. पुढच्या बाकावर स्क्रू फिरले, झाकण सरकलं, स्नेहलने दोरा ओढला.

"निघाला एकदाचा! चला, उतरा. घरी लावून बघू. कंडक्टरकाका, थांबा जरा!"

"आन् दोरा? फेकलास?"

"फेकेन कशी? टेबलाच्या पायाला बांधू."

"डाव्या पायाला हां."

"टेबलाचा डावा पाय कुठला, आत्या?"

"त्ये मी बघते. तू लग्नाचं बघ."